फाटकाला कुलूप नाही

वृद्धाश्रमाची अधीक्षिका म्हणून मी अठरा वर्षं काम केलं. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एकच लेखी ताकीद आहे. ती मला मिळायलाच हवी होती, हे आधीच कबूल करते. पण ज्यांनी ती मिळावी म्हणून खटपट केली, त्यांना खरं जे हवं होतं ते मी त्यांच्या हाती लागू दिलं नाही. त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

आमचा आश्रम घाटंजीपासून तीनेक किलोमीटरवर, रस्त्याला लागून. आजूबाजूला कपाशीची आणि तुरीची वावरं. बैठी इमारत, पुढे अंगण, मागे भाजीपाल्यापुरती जागा आणि रस्त्याकडे लोखंडी फाटक. तीस जणांची मान्यता होती आणि माझ्या काळात तिथे एकतिसावी खाट कधी पडली नाही. ‘एका म्हाताऱ्यानं काय फरक पडते मॅडम’ असे फोन मोठमोठ्या लोकांचे यायचे. मी सांगायचे, फरक पडतो. सांभाळायला किती मावश्या, किती संडास, आग लागली तर कितींना उचलून बाहेर न्यायचं, हे सगळं त्या तीसच्या हिशेबानं बसवलेलं असतं. लोक चिडायचे. चिडू द्यायचे.

बाहेरच्यांना वाटतं, वृद्धाश्रम चालवणं म्हणजे दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचं भजन. वाढदिवसाला केळी घेऊन येणारी मंडळी फोटोग्राफरही सोबत आणायची. मी केळी आत घ्यायचे आणि फोटोग्राफरला बाहेर बसवायचे. ज्याचा फोटो काढायचा त्याची संमती आधी, सहीनिशी. यावरून मला ‘रजिस्टरवाली बाई’ असं नाव पडलं होतं. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं मला त्याचा राग येतो. उलट मला ते आवडायचं.

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणजे माणूस दाखल होतो तो. डॉक्टर अंगावरच्या जखमा, वळ पाहून नोंदवतात, मी औषधांची यादी करते. मग नातेवाइकांना बाहेर बसवून मी त्या माणसाला एकट्याला विचारते, ‘तुम्हाला इथं राहायचं आहे का?’ हो म्हटल्याशिवाय दाखला नाही. वणीच्या कोळसा खाणीत जन्म घालवलेले पुंडलिकराव नावाचे गृहस्थ होते. मुलानं सामानासकट आणलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘नाई.’ मी मुलाला सांगितलं, घेऊन जा. त्यानं मला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. महिन्याभरानं पुंडलिकराव एकटेच एसटीनं आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘आता राह्याचं हाये.’ मग ते आमच्याकडे बरीच वर्षं राहिले.

गिरजाबाईंना त्यांचा मुलगा वसंतराव गाडीत घालून घेऊन आला. आर्णीला त्याचं बियाणं-औषधांचं मोठं कृषी केंद्र. गिरजाबाई पंचाहत्तरीच्या, काटक, नाकात जुनी नथनी. एकट्या असताना मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘राह्याचं हाये. पण मी बजाराच्या दिवशी बजारात जाईन. थे आधी लिहून घ्या.’ मी लिहिलं. बचत गटात शिकलेली त्यांची सही ठळक होती, एकेक अक्षर दाबून काढलेलं. खाली वसंतरावानंही सही केली. त्यानं कागद वाचला नाही. त्याला निघायची घाई होती.

नवरा होता तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं गिरजाबाई घाटंजीच्या बाजारात भाजी विकायच्या. मुलाचं दुकान चाललं तसं भाजी विकणं बंद झालं. आमच्याकडे आल्यावर महिन्याभरात त्यांनी मागच्या जागेत अंबाडी, मेथी, चवळी लावली. जास्तीच्या भाजीच्या जुड्या करून बाजाराच्या दिवशी त्या ऑटोनं घाटंजीला जायच्या. पुंडलिकराव सोबत. ते पिशवी उचलायचे, चहा प्यायचे आणि गिरजाबाईंची भाजी संपेपर्यंत पेपर वाचत बसायचे.

बाहेर जाण्याचा नियम मीच केला होता. फाटकाबाहेर कोणी एकट्यानं जायचं नाही. फाटकाजवळच्या रजिस्टरमध्ये नाव, कुठे, सोबत कोण, परत किती वाजता, आणि जाणाऱ्याची सही. फाटकाला दिवसा कुलूप नसायचं. समज शाबूत असलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो मुलानं केला काय आणि संस्थेनं केला काय. ज्यांना विसरण्याचा आजार होता त्यांच्यासोबत मावशी फिरायची. त्यांनाही आम्ही कोंडलं नाही.

सहा-सात महिने बरे गेले. मग एक दिवस वसंतराव आला तो थेट माझ्या खोलीत. त्याच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक बोलून गेलं होतं, तुमची माय बाजारात जमिनीवर बसून अंबाडी विकते, दुकान मंदीत आहे का. चार माणसांसमोर. तो संतापलेला होता, पण आवाज चढवला नाही त्यानं.

‘मॅडम, फाटकाले कुलूप लावा. बाकी मी काहीच मांगत नाई.’

मी दाखल्याचा कागद काढून त्याला त्याचीच सही दाखवली. तो म्हणाला, मायचं डोकं आता ठिकाणावर नाही. मी आमच्या डॉक्टरांनी दाखल करताना आणि सहा महिन्यांनी केलेली तपासणी दाखवली. गिरजाबाईंना कोणत्या साली कोणत्या नाल्याचा पूल वाहून गेला हेही आठवत होतं. त्यानं बोट दाखवून मला आठवण करून दिली की छतावरचं पाणी तापवायचं सोलर यंत्र त्यानं दिलं आहे, त्याच्या वडिलांच्या नावानं. मी म्हटलं, त्या पाण्यानं तीस जण आंघोळ करतात, तुमचे उपकार आहेत, पण त्यात कुलूप येत नाही.

तो अध्यक्षांकडे गेला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. मनानं चांगला माणूस, फक्त भांडणाला भिणारा. त्यांनी फोन केला, म्हणाले, थोडे दिवस लावून टाका कुलूप, प्रकरण थंड होऊ द्या. मी म्हटलं, लेखी द्या. या दोन शब्दांवर माझी अठरा वर्षं निभावली. तोंडी सांगितलेलं चुकीचं काम लिहायची वेळ आली की माणसाचा हात थांबतो. अध्यक्षांचाही थांबला. आदेश आला नाही, कुलूप लागलं नाही.

इथपर्यंत मी बरोबर होते. यापुढचं माझ्या चुकीचं आहे.

थंडीचे दिवस. बाजाराचा दिवस आणि पुंडलिकराव तापानं झोपून. दोन मावश्यांपैकी एक रजेवर, दुसरी कांता, ती आंघोळी घालण्यात गुंतलेली. मी गिरजाबाईंना सांगितलं, आज राहू द्या. त्या पिशवी घेऊन पायरीवर बसल्या. तासाभरानं मी बाहेर आले तरी तिथेच. मला पाहून म्हणाल्या, ‘भाजी उपटून झाली वो बाई. आता थे परत मातीत लागत नाई.’

ऑटोवाला ओळखीचा होता. मी म्हटलं, जा, पण दोनच्या आत या. रजिस्टरमध्ये त्यांनी सही केली. ‘सोबत’च्या रकान्यात मी आडवी रेघ मारली आणि शेजारी परवानगी दिल्याची माझी सही केली. कांताच्या हातची बालदी मी घेतली असती आणि तिला सोबत पाठवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. हे तेव्हा सुचलं नाही. हे सुचायला शिक्षण लागत नाही, तरी सुचलं नाही.

दोन वाजले, अडीच झाले. गिरजाबाईंचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. मी स्कूटी काढली. अर्ध्या वाटेवर एका बांगडीवाल्या बाईचा फोन आला. तिनं गिरजाबाईंच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला होता. बाजारात भाजीच्या ओल्या पाल्यावरून पाय घसरून त्या पडल्या होत्या. आजूबाजूच्या बायांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं.

मी पोचले तेव्हा त्या खाटेवर सरळ पडलेल्या होत्या आणि उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. या कामात तो पाय पाहिला की एक्स-रेची गरज उरत नाही. खुबा मोडला होता. चेहरा पांढराफटक, पण मला म्हणाल्या, ‘सारी भाजी सरली.’ मी त्यांचा हात धरून बसले. मला रडू आलं, पण ते त्यांच्यासमोर नको म्हणून मी भिंतीवरची पाटी वाचत राहिले.

यवतमाळला नेताना गाडीतूनच मी वसंतरावाला फोन केला. काय झालं, कसं झालं, सोबत कोणी नव्हतं, सगळं सांगितलं. तो एवढंच बोलला, ‘सांगतलं होतं तुमाले.’

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आश्रमात आले. रजिस्टर मागवून घेतलं आणि त्या पानावर बोट ठेवलं. त्या रकान्यात माझी आडवी रेघ होती. तिच्यावर सहज नाव बसलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, पुंडलिकरावाचं नाव घाला, म्हणजे आपण सगळेच यातून मोकळे. मी नाही म्हटलं. तेवढ्यात पुंडलिकरावच शाल पांघरून दारात आले. त्यांना कोणी बोलावलं होतं ते मी विचारलं नाही. ते म्हणाले, ‘लिहा माहं नाव. मी होतो म्हणून सांगतो. मले कोण काय करते आता?’

खोटं का सांगू, हात पेनाकडे गेला होता. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून जास्त लाज होती. आपणच केलेला नियम आपणच मोडला ही लाज. पण त्याच रजिस्टरात गिरजाबाईंच्या सह्या होत्या, दर बाजाराला एक. त्या दर खेपेला स्वतःच्या मर्जीनं, समजून-उमजून जात होत्या, याचा दुसरा पुरावा जगात नव्हता. एक ओळ खोटी निघाली की वसंतरावाचा वकील म्हणणार, सगळ्याच खोट्या. मग म्हातारी वेडी ठरणार आणि फाटकाला कुलूप लागणार. ते फक्त तिच्यापुरतं नसतं, तीस जणांसाठी असतं.

मी रजिस्टर बंद करून कपाटात ठेवलं आणि किल्ली अध्यक्षांपुढे ठेवली. म्हटलं, कपाट तुमचं आहे, पण या पानावर माझ्या हातानं काही लिहिलं जाणार नाही. त्यांनी किल्लीला हात लावला नाही. पुंडलिकरावांना मी खोलीत नेऊन काढा दिला. ते माझ्यावर दोन दिवस रुसून होते.

वसंतरावाची तक्रार समाजकल्याण खात्याकडे गेलीच. आश्रमाचा हलगर्जीपणा, आईची मानसिक स्थिती ठीक नाही, अधीक्षिकेला काढा, फाटक बंद ठेवा. चौकशीला एक बाई अधिकारी आल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. अख्खा दिवस राहिल्या. औषधांच्या कपाटातली एकेक पट्टी उलटी करून तारीख पाहिली. न्हाणीघरातला आधाराचा दांडा ओढून पाहिला. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला सकाळच्या जेवणाचा नमुना उघडून हुंगला. मला त्यांचं काम आवडलं. त्या विचारायच्या आत मी रजिस्टरचं ते पान उघडून पुढे ठेवलं.

‘हा सोबतीचा नियम कोणाचा?’ त्यांनी विचारलं.

‘माझा.’

‘आणि मोडला कोणी?’

‘मीच.’

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग यवतमाळला वॉर्डात जाऊन त्यांनी गिरजाबाईंची भेट घेतली. मला आणि वसंतरावाला दाराजवळ उभं केलं आणि बजावलं की मध्ये बोलायचं नाही. आधी वार, महिना, मुलांची नावं, गावाकडच्या वावराच्या चार बाजूंचे शेजारी, असं बरंच काही विचारलं. गिरजाबाईंनी सगळं सांगितलं, वर एका शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे वावराचा बांध, कसा सरकवला तेही. मग अधिकारी म्हणाल्या, ‘आजी, तुम्हाला बाजारात कोणी पाठवलं?’

‘कोणी कायले धाडन? मीच गेलती.’

‘एकट्यानं जायचं नाही हे माहीत होतं?’

‘मालूम होतं. बाई नाई म्हणतच होत्या. मीच आयकलं नाई.’

मला राहवलं नाही. दारातूनच मी म्हटलं, परवानगी माझी होती. अधिकारी बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा गप्प झाले.

‘तुमचा मुलगा म्हणतो, यापुढे आश्रमाच्या फाटकाला कुलूप असावं.’

गिरजाबाई वसंतरावाकडे बघत राहिल्या. आवाजात राग नव्हता.

‘तो घरी बी दार लोटून, बाहेरून कडी लावून दुकानात जाये. माय पडन म्हणून. मी तीन वर्सं खिडकीतून रस्ता पायला. मग मी म्हणलं, मले आश्रमात ठेव. तवा दोन आश्रम पायले आमी. एकाच्या फाटकाले कुलूप होतं. या बाईंचं उघडं होतं, म्हणून मी इथं हो म्हणलं.’

हे मला माहीत नव्हतं. इतके महिने ती बाई माझ्यासमोर होती, मी तिची साखर, तिचं ब्लडप्रेशर, तिची झोप लिहीत होते आणि ती आमच्याकडे का आली हे मी कधी विचारलं नव्हतं. फक्त ‘राहायचं आहे का’ एवढंच विचारलं होतं.

वसंतराव खाली पाहत होता. इथे त्याच्याबद्दल एक लिहायलाच हवं. शस्त्रक्रियेनंतरचे सगळे दिवस तो दुकान सोडून आईच्या खाटेजवळ बसला होता, तिला भरवत होता, बेडपॅन देत होता. आईवर त्याची माया नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. मी इतकंच म्हणते की माया असली तरी कडी बाहेरून लावता येत नाही.

अहवाल आला. त्यात मला ताकीद होती. बाजाराच्या दिवशी एक मावशी जास्तीची ठेवा, असा आदेश होता. आणि एक वाक्य होतं, की समज शाबूत असलेल्या रहिवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध आवारात अडवून ठेवता येणार नाही. संस्थेच्या बैठकीत दोघातिघांनी माझ्या राजीनाम्याचा विषय काढला. मी म्हटलं, लेखी द्या, कारणासहित. भांडणाला भिणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी तेव्हा चष्मा लावून अहवालातलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि पुढचा विषय घेतला.

गिरजाबाई वॉकर घेऊन परत आल्या. वसंतराव त्यांना आर्णीला न्यायला तयार होता, त्याच नाही म्हणाल्या. उन्हं तापायच्या आधी एका बाजाराला त्यांनी जायचं म्हटलं. कांता आणि मी दोघी गेलो, सोबत प्लास्टिकची खुर्ची घेतली. ओळीतल्या बायांनी सरकून जागा दिली. दीड तास बसल्या आणि ‘चाला’ म्हणाल्या. पुढच्या बाजाराला ऑटो येऊन उभा राहिला तर त्या आल्या नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, ‘खुर्चीवर बसलं तं भाजीले माहा हात पुरत नाई. दुसऱ्यानं उचलून देल्लेली भाजी मी नाई विकत.’

त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत. फाटक उघडं होतं, ऑटो यायला तयार होता, कांता मोकळी होती. न जाण्याचा निर्णय त्यांचा होता. मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं वेगळं होतं. त्या अजून दीड वर्ष आमच्याकडे राहिल्या आणि एका सकाळी चहा पिऊन आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर वसंतराव सामान न्यायला आला. मायच्या सह्या पाहायच्या आहेत, म्हणाला. मी सांगितलं, रहिवाशाची नोंद वारसाला दाखवता येते, पण अर्ज लागतो. तो पहिल्यांदाच थोडा हसला आणि तिथंच बसून अर्ज लिहिला. त्यानं पानं सावकाश उलटली. प्रत्येक सहीवरून अंगठा फिरवत होता. जाताना मला म्हणाला, ‘मी वाचून सही केली असती ना मॅडम, तं आणलंच नसतं तिले इथं.’ मी म्हटलं, म्हणूनच बरं झालं. त्याला ते लागलं असेल. मी ते मागे घेत नाही.

आता मी यवतमाळला मुलीजवळ असते. नवीन आश्रम निघतात, उद्घाटनाला मला बोलावतात. टाइल्स चकचकीत असतात, कॅमेरे असतात, आणि फाटकाला कुलूप असतं. का, तर सुरक्षिततेसाठी. मी भाषणात तेवढंच बोलते, त्यामुळे दुसऱ्यांदा सहसा कोणी बोलावत नाही.

तुमच्यापैकी कोणी आईवडिलांसाठी आश्रम पाहायला जाणार असाल तर टाइल्स पाहू नका. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारा, मागच्या खेपेला बाहेर कधी गेला होतात. उत्तर द्यायच्या आधी तो व्यवस्थापकाच्या तोंडाकडे पाहू लागला, तर आईचा हात धरा आणि तिला घेऊन परत फिरा.